रेशमी टोपी चालेल, नमस्कार मात्र पायरीखालूनच: चिनी रीतिरिवाजांचं आज काय करायचं?

रानजाई

सिंगापुरातल्या सरकारी वसाहतींमध्ये इमारतीचा तळमजला मोकळा सोडलेला असतो. त्याला इथे व्हॉइड डेक म्हणतात. चिनी घरात कुणी गेलं की बऱ्याचदा तिथेच मांडव पडतो, शवपेटी आणि फोटो ठेवला जातो, आणि ३, ५ किंवा ७ दिवस माणसं भेटायला येत राहतात. दिवस विषमच हवेत. घरच्यांच्या बाहीवर कापडाचा लहानसा चौकोन टाचलेला असतो, त्याच्या रंगावरून गेलेल्या माणसाशी नातं काय ते कळतं. रात्री शवपेटीजवळ कुणीतरी जागं राहतं. येणाऱ्याने फोटोसमोर वाकायचं, पांढऱ्या पाकिटातून पैसे द्यायचे, मग टेबलाशी बसून शेंगदाणे खात घरच्यांशी बोलायचं. टेबलावर बशीत लाल दोरे ठेवलेले असतात. एक उचलायचा आणि घरी पोचायच्या आत टाकून द्यायचा. निघताना 'येतो' म्हणायचं नाही.

शेजारी आणि ऑफिसातले सहकारी यांच्यामुळे इथे राहणाऱ्या मराठी माणसांनाही या मांडवात जाऊन बसायची वेळ येतेच. तिशीतल्या चिनी मुलामुलींना यातलं फारसं ठाऊक नसतं, हे मला तिथे सारखं जाणवतं. अंत्यविधी करणाऱ्या कंपनीचा माणूस सांगतो, आता उदबत्ती धरा, आता गुडघे टेका, आता तीनदा वाका; ती तसं करतात. एका मैत्रिणीने मला सरळ विचारलं, हे आम्ही पुढे न्यायचं कशाला? घरात चार माणसांनी बसून आजोबांच्या आठवणी काढल्या असत्या तर ते जास्त खरं झालं नसतं का?

हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. आणि चिनी परंपरेने तो स्वतःला अडीच हजार वर्षांपूर्वीच विचारलेला आहे, म्हणून हा धागा.

कन्फ्यूशियस (इ.स.पू. ५५१ ते ४७९) म्हणजे जुन्या रीतींना चिकटून बसलेला, प्रत्येक गोष्टीत नियम काढणारा गुरुजी, अशी एक समजूत असते. त्याच्या शिष्यपरंपरेने जमवलेले संवाद 'लुन यू'मध्ये आहेत. ते वाचताना मला वेगळाच माणूस दिसला. नवव्या भागात टोपीची गोष्ट आहे. विधीच्या वेळी तागाची टोपी घालायची असा नियम होता. तिचं विणकाम फार किचकट, म्हणून लोक रेशमी टोपी वापरू लागले. तो म्हणतो, यात काटकसर होते, मी लोकांबरोबर आहे. लगेच पुढे दुसरा नियम येतो. राजाला नमस्कार करायचा तो सभागृहाच्या पायऱ्या चढण्याआधी, खालून. लोक वर जाऊन नमस्कार करू लागले होते. इथे तो म्हणतो, हा उद्दामपणा झाला. सगळे वरून करोत, मी खालूनच करणार.

दोन्ही ठिकाणी रीत बदलली आहे. एक बदल त्याने आनंदाने घेतला, दुसरा नाकारला. कसोटी जुनं की नवं ही नाहीच. वस्तू बदलली की वृत्ती बदलली, हे तो पाहतो.

तिसऱ्या भागात लिन फांग नावाचा माणूस त्याला विचारतो, रीतींचं मूळ कशात आहे? उत्तर असं, की समारंभात डामडौलापेक्षा साधेपणा बरा, आणि सुतकात काटेकोरपणापेक्षा खरं दुःख बरं. माझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे, आणि ते तिच्या बाजूचं आहे.

उरलेलं निम्मं सतराव्या भागात सापडतं. आईवडिलांसाठी तीन वर्षं शोक पाळायचा असा दंडक होता (प्रत्यक्षात २५ ते २७ महिने). झाय वो नावाचा शिष्य म्हणतो, तीन वर्षं फार होतात, एक वर्ष पुरे. तेवढ्यात जुनं धान्य संपून नवं येतं. गुरू त्याला नियम ऐकवत नाही. तो विचारतो, वर्षभरात चांगला तांदूळ खाताना, भरजरी कपडे घालताना तुला स्वस्थ वाटेल का? झाय वो म्हणतो, वाटेल. मग तसं कर, एवढंच गुरू म्हणतो. झाय वो निघून गेल्यावर मात्र त्याचं दुःख बाहेर येतं. मूल तीन वर्षांचं होईपर्यंत आईबापांच्या कडेवरून उतरत नाही, या झाय वोला ती तीन वर्षं मिळाली नव्हती का, असं तो बाकीच्या शिष्यांना म्हणतो.

शोकाच्या तीन वर्षांमागे आकडा आहे तो कडेवरच्या तीन वर्षांचा. हे वाचल्यापासून त्या मांडवातले दिवस मला निराळे दिसू लागले. रात्रभर जागणं, लोकांनी येऊन नुसतं बसणं, यात कुणीतरी आपला वेळ देतं, आणि तो वेळ आपल्या सोयीने कापता येत नाही. घरात चौघांनी आठवणी काढणं छानच, पण ते आपल्याला वाटेल तेव्हा होतं. न वाटणाऱ्या दिवशीही हजर राहायला लावणं हे रीतीचं काम.

तर माझं म्हणणं: पाकिटं, मृतासाठी जाळायचे कागद, मांडव, दिवसांची संख्या हे सगळं टोपीच्या खात्यात टाकावं आणि खुशाल बदलावं. दुसऱ्या माणसासमोर आपण थोडं खाली उभं राहणं, त्याच्यासाठी अडून थांबणं, हा पायरीखालचा नमस्कार. तो सोडू नये. तुम्हाला काय वाटतं? चीन, तैवान, हाँगकाँग, मलेशिया इथे राहिलेल्यांनी जरूर लिहा.

दगडफूल

रानजाई, मनापासून लिहिलंय, वाचताना गुंतले. पण पायरीखालचा नमस्कार कुणाला, हा प्रश्न तुम्ही घाईने ओलांडलात. तो राजाला आहे. खाली उभं राहण्याचं कौतुक करण्याआधी खाली नेहमी कोण उभं असतं ते पाहायला हवं.

तुम्ही शोकाचा विषय काढला आहे, तर त्यातलंच उदाहरण घेते. 'यी ली' या प्राचीन विधिग्रंथात कुणी कुणासाठी किती काळ आणि कोणते कपडे घालून शोक पाळायचा याच्या पाच पायऱ्या ठरवलेल्या आहेत. बायकोने नवऱ्यासाठी तीन वर्षं, नवऱ्याने बायकोसाठी एक वर्ष. वडिलांसाठी तीन वर्षं, पण वडील हयात असताना आई गेली तर तिच्यासाठी एकच वर्ष. बाईने लहानपणी बापाच्या, लग्नानंतर नवऱ्याच्या आणि तो गेल्यावर मुलाच्या आज्ञेत राहावं हे प्रसिद्ध वचनही याच शोकवस्त्रांच्या प्रकरणातलं. कडेवरच्या तीन वर्षांचा हिशेब इतका हृद्य असेल तर मूल कडेवर घेऊन हिंडणाऱ्या आईच्या वाट्याला एक वर्ष कसं?

आन्ह्वी प्रांतात शशियान जवळ तांगयुए नावाचं गाव आहे. तिथे ओळीने सात दगडी कमानी उभ्या आहेत, पर्यटक फोटो काढतात. त्यातल्या काही कमानी तरुणपणी नवरा गेल्यावर पुन्हा लग्न न करता सासरी आयुष्य काढणाऱ्या विधवांच्या सन्मानार्थ आहेत. दगडात कोरलेला सन्मान मिळाला की पुढच्या विधवेला दुसरा रस्ता उरत नाही.

म्हणून १९१८ साली लू शुनने आपल्या गाजलेल्या कथेत सदाचाराच्या पानापानावर माणसं खाण्याची अक्षरं दिसणारा वेडा उभा केला, आणि पुढच्याच वर्षी वू यूने रीती माणसं कशा खातात यावर लेख लिहिला. ते लोक परक्या विचारांनी भारलेले होते असं म्हणून त्यांना बाजूला सारता येत नाही. ते त्याच घरांत वाढले होते आणि आपल्या आया-बहिणींचं काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं.

टोपी आणि नमस्कार ही विभागणी आकर्षक आहे. पण ती करायचा अधिकार बायकांना कधी दिला होता?

तळटीप

दोघींचेही प्रतिसाद उत्तम. थोडा इतिहास घालतो, कारण दगडफूल यांनी दिलेलं आईचं उदाहरण तिथेच थांबत नाही.

इ.स. ६७४ मध्ये सम्राज्ञी वू झेतियान हिने सम्राटापुढे १२ सूचना ठेवल्या. त्यातली एक नेमकी हीच होती: वडील हयात असले तरी आईसाठी तीन वर्षं शोक पाळला जावा. तिचे राजकीय हेतू असतील, होतेच. पण युक्तिवाद तोच, मुलाला वाढवण्यात आईचे कष्ट मोठे असतात. पुढे १३७४ मध्ये मिंग राजवटीचा संस्थापक होंगवू याने आई आणि वडील यांच्यासाठीचा शोक पूर्ण सारखा केला, वस्त्रांच्या प्रतीसकट. मूळ ग्रंथाने दिलेली पायरी राज्याने बदलली आणि आभाळ कोसळलं नाही.

उलट बाजूचंही एक उदाहरण द्यायला हवं. सरकारी अधिकाऱ्याचे वडील गेले की त्याने पद सोडून गावी जाऊन शोक पाळायचा, ही सक्ती होती. १५७७ मध्ये मिंग दरबाराचा सर्वात प्रबळ मंत्री झांग जुझेंग याचे वडील वारले. बाल सम्राट वानलीच्या नावाने कारभार तोच पाहत होता, करसुधारणा चालू होत्या. सम्राटाची खास परवानगी घेऊन तो पदावर राहिला. त्यावर दरबारात वादळ उठलं, आणि जाहीर विरोध करणाऱ्या पाच अधिकाऱ्यांना सर्वांदेखत काठीचे फटके बसले. आता यात पायरीखालचा नमस्कार कोणता? बापासाठी घरी जाणं की राज्याचं काम अर्धवट न सोडणं? विरोध करणाऱ्यांतले काही खरोखर तत्त्वाने बोलत होते आणि काहींना फक्त झांग नको होता. रीत हे शत्रूला नामोहरम करण्याचं फार सोयीचं हत्यार असतं, हे या प्रकरणातून कळतं.

रानजाईंच्या 'टोपी'साठी मात्र सर्वात मोठा साक्षीदार झू शी (११३० ते १२००). प्राचीन ग्रंथांतले विधी राजे आणि सरदारांसाठी लिहिलेले, साध्या घरांना न परवडणारे. त्याच्या नावावर असलेल्या गृहविधींच्या पुस्तकाने मुंज म्हणता येईल असा वयात येण्याचा संस्कार, लग्न, अंत्यविधी आणि पूर्वजपूजा हे चारच विषय घेऊन ते सामान्य घराला झेपतील असे केले. लग्नाच्या सहा पायऱ्या होत्या, त्याने तीनवर आणल्या. हे पुस्तक पुढे कोरिया आणि व्हिएतनाममध्येही घरोघरी पोचलं. आज 'परंपरा' म्हणून जे जपलं जातं त्यातलं पुष्कळसं असं एकदा छाटून सोपं केलेलंच आहे.

रानजाई

दगडफूल, तुमचा शेवटचा प्रश्न मला टाळायचा नाही. नव्हता दिला अधिकार. बायकांचं नाव वंशावळीतही नव्हतं. कुंग म्हणजे कन्फ्यूशियसच्या घराण्याची वंशावळ २००९ मध्ये नव्याने छापली गेली, २० लाखांहून जास्त नावं असलेली. त्यात घराण्यातल्या मुलींना पहिल्यांदा जागा मिळाली. अडीच हजार वर्षं लागली. ज्या चुफू गावात १९६६ च्या नोव्हेंबरात रेड गार्डनी (माओच्या सांस्कृतिक क्रांतीतल्या तरुणांनी) कन्फ्यूशियसच्या मंदिराची आणि कबरींची नासधूस केली, तिथल्याच घराण्याने हे केलं, याचं मला महत्त्व वाटतं. मोडतोड करणाऱ्यांनी मुलींची नावं त्या पुस्तकात घातली नव्हती. पुस्तक पुन्हा हाती घेणाऱ्यांनी घातली.

तळटीप, ६७४ ची माहिती फार उपयोगी. झांग जुझेंगच्या बाबतीत मी त्याच्या बाजूची आहे. राज्यातली माणसं त्याच्या कामावर अवलंबून होती, आणि घरी जाऊन बसल्याने मेलेल्या बापाला काही मिळणार नव्हतं. पण मग माझाच युक्तिवाद मला अडवतो, कारण हेच वाक्य ऑफिसात सुट्टी नाकारणारा प्रत्येक साहेब बोलू शकतो. याचं नीट उत्तर माझ्याकडे नाही.

यिवूकर

झेजियांगमधल्या यिवूच्या बाजारात मालखरेदीच्या निमित्ताने बरीच वर्षं ये-जा आहे. ग्रंथ मी वाचलेले नाहीत, जेवणाच्या टेबलावरचं सांगतो. तिथे हे सगळं जिवंत आहे.

गोल टेबल असलं तरी दाराकडे तोंड असलेली खुर्ची मानाची. तिथे ज्येष्ठ माणूस किंवा पाहुणा. त्याने चॉपस्टिक उचलल्याशिवाय कुणी सुरुवात करत नाही. चहा ओतायचा तो आधी दुसऱ्यांच्या कपात, आपल्या कपात शेवटी. ग्वांगडोंगकडच्या लोकांबरोबर बसलात तर कुणी तुमच्या कपात चहा ओतला की दोन बोटांनी टेबलावर हलकेच टकटक करायची, म्हणजे बोलणं न थांबवता आभार मानले जातात. सम्राट चिएनलाँग वेष पालटून हिंडत असताना नोकराच्या कपात त्याने चहा ओतला आणि नोकराने बोटांनीच दंडवत घातला, अशी त्याची दंतकथा सांगतात. भाताच्या वाडग्यात चॉपस्टिक उभ्या खोचायच्या नाहीत, ते मेलेल्या माणसापुढे लावलेल्या उदबत्त्यांसारखं दिसतं.

पेला भिडवताना आपल्या पेल्याची कड ज्येष्ठाच्या पेल्यापेक्षा खाली ठेवायची. तोही सज्जन असेल तर आपला पेला खाली आणतो. मग आपण आणखी खाली. रानजाईंचा पायरीखालचा नमस्कार तो हाच! दोघेही एकमेकांना वर ठेवायला बघतात. दगडफूल यांचा आक्षेप इथे थोडा सौम्य होतो असं मला वाटतं, कारण इथे कुणीच कायमचा खाली नसतो.

याची वाईट बाजूही पाहिली आहे. वरिष्ठाने आग्रह केला की कनिष्ठाला पाय्जू, म्हणजे तिथली कडक दारू, रिचवावीच लागते. हातात पेला घेऊन टेबलाभोवती फिरणारी, डोळे तारवटलेली नवी पोरं पाहून वाईट वाटतं. तरुण पिढी या प्रकाराला उघड कंटाळलेली आहे. पण परंपरेतच यावर उतारा आहे: दारूऐवजी चहाचा कप उचलायचा आणि तसं तोंडाने सांगायचं. ही जुनी, मान्य रीत आहे. मी दारू घेत नाही, माझा धंदा या एका रीतीवर चालला आहे.

२०२० च्या साथीत दोन गोष्टी बदलल्या. ताटलीतून वाढून घ्यायला वेगळ्या चॉपस्टिक ठेवायचा प्रचार सरकारने जोरात केला. आधी घरच्या माणसांत तसं करणं परकेपणाचं वाटायचं. आणि हस्तांदोलनाऐवजी छातीसमोर एका हाताची मूठ दुसऱ्या तळव्याने झाकून किंचित झुकायचं, हा जुना नमस्कार लोकांना पुन्हा आठवला. पुरुषांनी डावा हात वर ठेवायचा. शोकप्रसंगी उलट.

अबोली

फार छान धागा. एक व्यावहारिक प्रश्न: पुढच्या आठवड्यात सिंगापूरच्या चिनी सहकाऱ्याचं लग्न आहे. पाकिटात किती घालावेत? आपल्यासारखे १०१ चालतील ना?

यिवूकर

अबोलीताई, १०१ अजिबात नको! आपल्याकडे वरचा एक शुभ, तिथे लग्नात रक्कम समच हवी, कारण सगळं जोडीने. चाराचा आकडाही टाळा, आठ असेल तर उत्तम. विषम रक्कम आणि वर एक हे पांढऱ्या पाकिटाचं, म्हणजे अंत्यविधीचं गणित आहे. सिंगापुरात १०१ डॉलर त्यासाठीच देतात. नोटा कोऱ्या, पाकीट लाल, द्यायचं दोन्ही हातांनी.

चहाचा विधी सकाळी घरच्यांपुरता असतो. वर-वधू वडीलधाऱ्यांपुढे गुडघे टेकून किंवा वाकून चहा देतात, ते घोट घेऊन पाकीट किंवा दागिना देतात. त्या क्षणी काका, मामी, आत्या म्हणून पहिली हाक मारली जाते. ती ऐकायला मिळाली तर चुकवू नका.

दगडफूल

यिवूकर, लाल पाकिटाच्या पलीकडे वधूमूल्यही आहे ना? मुलाकडच्यांनी मुलीकडे द्यायची रक्कम. खेड्यांत ती इतकी वाढली की सरकारला मोहिमा काढाव्या लागल्या, आणि लग्न मोडल्यावर ती परत करायची का यासाठी सर्वोच्च न्यायालयाने नियम केले, १ फेब्रुवारी २०२४ पासून लागू झालेले. ती रीत लग्नाच्या जुन्या सहा पायऱ्यांतल्या चौथ्या पायरीवरून आलेली आहे. टोपीच इतकी महाग झाली की डोकंच विकावं लागतंय, अशी कित्येक घरांची स्थिती आहे.

मांडवीकाठ

या विषयाचा एक धागा गोव्यातून जातो म्हणून लिहितो.

जेझुइट या ख्रिस्ती संघाचा पाद्री मातेओ रिची १५७८ च्या सप्टेंबरात गोव्यात उतरला. जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात तो शिकला. त्या कॉलेजची आता एक कमान तेवढी उभी आहे, वाटेवरून जाताना दिसते. १५८२ मध्ये तो मकाऊला गेला, चिनी शिकला, चिनी विद्वानांचा पोशाख घालू लागला आणि १६१० मध्ये बीजिंगला वारला. त्याच्यासमोर प्रश्न उभा राहिला तो हाच, ज्यावर तुम्ही सगळे बोलताय. चिनी माणूस पूर्वजांच्या नावाच्या पाटीसमोर वाकतो, उदबत्ती लावतो, तेव्हा तो पूजा करतो की आदर दाखवतो? रिचीचं मत पडलं आदर. म्हणून ख्रिस्ती झालेल्या चिनी माणसाने पूर्वजांना वाकायला त्याची हरकत नव्हती.

त्यानंतर आलेल्या इतर संघांच्या पाद्र्यांना हे पटलं नाही. वाद शंभर वर्षं चालला. १७०० मध्ये खुद्द सम्राट कांगशीने लिहून दिलं की हा आदराचा व्यवहार आहे. तरी रोमने १७०४ मध्ये आणि पुन्हा १७१५ मध्ये बंदी घातली. हा वाद मिटवायला चीनकडे निघालेला पोपचा दूत तूर्नों वाटेत पाँडिचेरीला थांबला आणि १७०४ मध्ये तिथे दक्षिण भारतातल्या ख्रिश्चनांच्या स्थानिक चालीरीतींवरही बंदी घालून पुढे गेला. कांगशीने चिडून १७२१ मध्ये धर्मप्रचारच बंद केला. रोमने आपली बंदी उठवली ती १९३९ साली.

रिचीच्या आधी अठरा शतकं शुन्झी नावाच्या कन्फ्यूशियन विचारवंताने याचं उत्तर देऊन ठेवलं होतं. तो म्हणतो, पूर्वजांचा विधी हा जाणत्यांच्या लेखी माणसांचा व्यवहार आहे आणि सामान्य लोकांच्या लेखी भुतांचा. दोघेही एकच विधी करतात. मला हे फार मोठं शहाणपण वाटतं. मनात काय आहे याची तपासणी न करता सगळ्यांना एका जागी वाकू देणं हे रीतीला जमतं. रोमला तपासणी हवी होती.

सोलापुरी

चिंगमिंगबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितोय. ४ किंवा ५ एप्रिलला येणारा कबरी झाडण्याचा दिवस. २००८ पासून चीनमध्ये पुन्हा सरकारी सुट्टी. त्या दिवशी हबेई प्रांतातल्या शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मशानभूमीत आमच्या सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या समाधीवर लोक फुलं वाहतात. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांचं पथक गेलं, त्यातले ते. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच गेले. पत्नी क्वो छिंगलान २०१२ मध्ये वारल्या, मुलगा तर १९६७ मध्येच गेला होता. म्हणजे कबर झाडायला तिथे रक्ताचं कुणी उरलेलं नाही. तरी शाळेतली मुलं येतात, परिचारिका येतात. सोलापुरात त्यांच्या घराचं स्मारक झालं आहे, पण असा नेमाने माणसं जमण्याचा दिवस आपल्याकडे नाही, याची मला खंत वाटते.

तळटीप

सोलापुरी, तुम्ही दिलेलं उदाहरण मोठं आहे. 'लुन यू'च्या दुसऱ्या भागात स्पष्ट म्हटलंय की जो आपला पूर्वज नाही त्याला नैवेद्य दाखवणं म्हणजे लाचारी. कोटणीसांच्या समाधीवर जाणारी मुलं कन्फ्यूशियसचा शब्द मोडतात आणि त्याच्या मनातलं करतात.

दगडफूल

सोलापुरी यांचा प्रतिसाद वाचून गहिवरले. तरी अजून एक अडचण मांडते. १ जुलै २०१३ पासून चीनमध्ये वृद्धांच्या हक्कांच्या सुधारित कायद्यात असं आलं की वेगळं राहणाऱ्या मुलांनी आईवडिलांना वरचेवर भेटावं. कायद्याने! इतकी जुनी रीत कायद्याच्या आधाराला आली, तर तिच्यात जीव उरला आहे असं म्हणायचं का?

आणि रानजाई, तुमच्या कसोटीला स्वतः कन्फ्यूशियसच छेद देतो. तिसऱ्या भागातच झिगोंग या शिष्याची गोष्ट आहे. लू राज्यात महिन्याच्या पहिल्या दिवसाचा विधी राजाने करणं सोडून दिलं होतं, पण त्यासाठी मेंढा मात्र कापला जात होता. झिगोंग म्हणाला, हे बंद करू या. गुरू म्हणाला, तुझं प्रेम मेंढ्यावर, माझं रीतीवर. पोकळ झालेली रीतसुद्धा त्याला हवी होती. मग टोपी बदलायला तयार असलेला माणूस मेंढा का सोडत नाही? तांगयुएच्या कमानींखालच्या त्या बायका मला या मेंढ्यासारख्या दिसतात.

रानजाई

दगडफूल, मेंढ्याच्या गोष्टीत मी झिगोंगच्या बाजूला उभी राहीन. रीत पुन्हा कधीतरी जिवंत होईल या आशेवर तिचा सांगाडा ठेवायचा, ही भावना मला समजते. पण त्या सांगाड्याची किंमत जो देतो त्याला विचारलं गेलं पाहिजे, आणि मेंढ्याला विचारता येत नाही. विधवांना विचारता आलं असतं. विचारलं नाही.

कायद्याबद्दल: त्याच दुसऱ्या भागात असं आहे की हल्ली आईबापांना पोसणं म्हणजेच सेवा समजतात, कुत्र्या-घोड्यांनाही आपण पोसतोच, आदर नसेल तर फरक काय राहिला? मोठ्या शहरात नोकरी करणाऱ्या, भावंडं नसलेल्या मुलाला दोन आईबाप आणि चार आजी-आजोबा सांभाळायचे असतात. त्याने महिन्याला पैसे पाठवले आणि वर्षातून एकदा वसंतोत्सवाच्या, म्हणजे चिनी नववर्षाच्या, गर्दीत आगगाडीत उभं राहून घर गाठलं, तर त्याला कायद्याचा बडगा दाखवणं मला अन्यायाचं वाटतं. आधी त्याला सुट्टी द्या. २०१२ मध्ये तिथल्या महिला संघाने आणि वृद्धविषयक समितीने मुलांच्या २४ कर्तव्यांची नवी यादी काढली, त्यात आईबापांना इंटरनेट शिकवा, दर आठवड्याला फोन करा असं होतं. आईबापांच्या सेवेच्या जुन्या २४ कथांमध्ये आईला अन्न पुरावं म्हणून स्वतःचं मूल पुरायला निघालेला मुलगा होता. ही यादी मला त्याहून पुष्कळ बरी वाटते.

मांडवीकाठ

फोनचा मुद्दा निघाला म्हणून सांगतो. आता चिंगमिंगला घरबसल्या संकेतस्थळावर मेणबत्ती लावायची सोय आहे. कित्येक शहरांत रस्त्यावर पूर्वजांसाठी खोट्या कागदी नोटा जाळायला मनाई आहे, त्याऐवजी फुलं आणा म्हणतात. दहनाचा पुरस्कार तर माओ आणि वरिष्ठ नेत्यांनी १९५६ मध्येच सह्या करून केला. सिंगापुरात १९९८ पासून कबरीची मुदत १५ वर्षं, नंतर अवशेष काढावे लागतात. हे सगळं टोपीत जातं यावर माझं आणि रानजाईंचं एकमत. पण पडद्यावरची मेणबत्ती? मला ती टोपी वाटत नाही. तिथे कुणाला जावंच लागत नाही.

दगडफूल

मांडवीकाठ, आजारी माणसाला किंवा व्हिसा न मिळालेल्या मुलीला ती मेणबत्ती पुरे आहे. धडधाकट माणसाला नाही. हा भेद मी मान्य करते, आणि तो रानजाईंच्या कसोटीतून निघतो हेही.

एवढी चर्चा झाल्यावर माझं मत कुठे सरकलं ते सांगते. नवऱ्याने बायकोसाठी एक वर्ष आणि बायकोने नवऱ्यासाठी तीन, हा नियम आज कुणी पुन्हा लिहायला बसलं तर दोघांना सारखंच लिहावं लागेल, आणि तसं लिहिणारी व्यक्ती परंपरेबाहेरची ठरणार नाही. ६७४ आणि १३७४ ही दोन सालं मला माहीत नव्हती, तळटीप यांचे आभार. कमानींबद्दल मात्र माझं मत तेच आहे. लू शुन आणि वू यू यांच्यावर वेगळा धागा काढते, बाकीचं तिकडे बोलू.